टेबलाची उंची

कॅन्सर झालेली अपंग माणसं इतरांपेक्षा लवकर दगावतात, हे ऐकून सहसा कुणाला नवल वाटत नाही. शरीर आधीच अधू, त्यात हा रोग, दुसरं काय होणार? ही समजूत कितपत खरी, हे पाहायला 2006 साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात आलेला एक अभ्यास उपयोगी पडतो. स्तनाचा कॅन्सर दूरवर पसरण्याआधी सापडलेल्या एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. अपंगत्वाचा सरकारी भत्ता आणि 'मेडिकेअर' विमा असलेल्यांपैकी 43.2 टक्के जणींचा स्तन राखून शस्त्रक्रिया झाली. इतर स्त्रियांत हे प्रमाण 49.2 टक्के होतं. अशा शस्त्रक्रियेनंतर रोग उलटू नये म्हणून किरणोपचार देतात. तेही अपंग स्त्रियांच्या वाट्याला कमीच आले. वय आणि रोगाचा टप्पा जमेस धरूनही स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका त्यांच्यात 31 टक्क्यांनी जास्त निघाला.

त्यांना इतर आजारही असणार, ही शंका रास्त आहे. कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका त्यांच्यात दुप्पट होता, तो काही अंशी त्यामुळेच. पण 31 टक्के हा आकडा निव्वळ स्तनाच्या कॅन्सरच्या मृत्यूंचा आहे. पैसा आड आला म्हणावं, तर या स्त्रियांना सरकारी विमा होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा बाईचा स्वतःचा निर्णय असेल तर? किरणोपचार म्हणजे कित्येक आठवडे जवळपास रोजची खेप, तीही हात डोक्याकडे नेऊन निश्चल पडून राहण्यासाठी. खांदा आखडलेली एखादी म्हणेल, त्यापेक्षा सगळा स्तनच काढा. तिला चूक कोण म्हणणार? मात्र रोज ने-आण करणारी गाडी असती, तर तिने हेच म्हटलं असतं का? शिवाय उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावरही मृत्यूंमधली तफावत गेली नाही. तेव्हा शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काय घडतं, तिकडे वळावं लागतं.

तिथे अडचणी अगदी साध्या दिसतात. मॅमोग्राफीचं यंत्र बहुधा उभ्या बाईला धरून लावलेलं असतं. व्हीलचेअरवरून तपासणीच्या टेबलावर चढायचं कसं, हे कुणी ठरवलेलं नसतं. केमोचा डोस बहुतेकदा उंची-वजनावरून काढतात, पण उभं राहू न शकणाऱ्याचं वजन करायला वेगळा काटा लागतो. नवं दुखणं सांगितलं तर ते जुन्या अपंगत्वाच्या खाती जमा होतं, आणि गाठ तेवढे महिने वाढत राहते. मनातली अढी तर यंत्रांहून जड. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 714 अमेरिकी डॉक्टरांपैकी 82 टक्क्यांना वाटत होतं, की तीव्र अपंगत्व असलेल्यांचं जगणं इतरांपेक्षा हलक्या दर्जाचं असतं. ज्याचं जगणंच कमी मोलाचं वाटतं, त्याच्या उपचाराचा आग्रह किती धरला जाईल? अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा 1990 सालचा. तपासणीचं टेबल 17 इंचांपर्यंत खाली यावं, हे मानक ठरायला 2024 उजाडलं. (आपल्याकडे 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. टेबल ठेंगणं करण्यापेक्षा ते सोपं होतं.)

सगळ्यांसाठी सोय वाढवा, त्यात अपंगही येतील, असं म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी तिथे सरकारी कार्यक्रमातून होते. 2006 साली अपंग स्त्रियांपैकी 20.8 टक्के आणि इतरांपैकी 21.6 टक्के तपासणीला येत होत्या, म्हणजे जवळजवळ बरोबरी. 2015 पर्यंत हे आकडे 42.1 आणि 53.5 झाले. सोय वाढली, आणि तिच्याबरोबर दरीही.

भारत अजून त्या पहिल्या पायरीच्याही खाली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी करून घेतल्याचं सांगितलं. इतक्या तुटपुंज्या आकड्यात दरी दिसणारच नाही. ती दिसेल कार्यक्रम वाढल्यावर. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याचं 25 वं कलम त्यांना सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत अडथळ्यांविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य देतं. आशाताई घरोघरी भरतात त्या अर्जातही अपंगत्वाची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची नोंद करायची असते. कोणत्या दारात गाडी आणि कोणत्या केंद्रात ठेंगणं टेबल लागेल, हे त्या अर्जांवरून तपासणी शिबिराची तारीख ठरवण्याआधीच काढता येईल.