मंचुरियनचं गाव कोणतं?

मुलांनो, मास्तरांना किंवा मॅडमना येत नसलेला प्रश्न विचारला की त्यांची कशी फजिती होते, हे तुम्हांला चांगलंच ठाऊक आहे. माझी अशी फजिती गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात झाली.

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझी शाळा आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही ‘कुठलं काय प्रसिद्ध’ हा खेळ खेळत होतो. मी नाव सांगायचं, मुलांनी गाव सांगायचं.

“संत्री?”

“नागपूर!”

“हापूस?”

“रत्नागिरी!”

“गोरसपाक?”

“वर्धा!” हे उत्तर तर इतक्या जोरात आलं, की शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “मॅडम, मंचुरियनचं गाव कोनतं?”

आमच्या बाजारगावात तेव्हा नुकतीच एक लाल गाडी लागायला लागली होती. गाडीवर आग ओकणारा मोठा ड्रॅगन रंगवलेला होता. सारा वर्ग त्या गाडीच्या प्रेमात होता.

“चीन!” एक मुलगी म्हणाली.

“कसं काय चीन? गाडीवाला दादा तं आपल्या बाजूच्या गावचा हाय!” दुसरा म्हणाला.

सगळे हसले आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मला उत्तर येत नव्हतं. “शोधून सांगते,” म्हणून मी वेळ मारून नेली.

मेनूकार्डाचा धडा

दिवाळीच्या सुट्टीत सेवाग्राम एक्स्प्रेसने आम्ही मुंबईला दादाकडे गेलो. बरोबर माझा सहावीतला मुलगा होता. एका संध्याकाळी मामाने भाच्याला विचारलं, “काय खाणार?” भाच्याने क्षणाचाही विचार केला नाही. “चायनीज!”

दादा आम्हांला एका मोठ्या हॉटेलात घेऊन गेला. आत मंद दिवे, लाल कंदील आणि टेबलावर पांढऱ्या बशा. मेनूकार्ड चांगलं आमच्या हजेरीपटाएवढं होतं. खरं सांगू? मी आधी उजवीकडचा, किमतींचा रकाना वाचला. तो वाचून झाल्यावर डावीकडे काय लिहिलंय ते बघितलं. तिथे चीनबरोबर अर्धा आशिया होता. थायलंडची करी, जपानची सुशी, तिबेट-नेपाळकडचे मोमो!

नावं वाचून मी बावरले. पण जेवण आल्यावर एकेक ओळख पटायला लागली. थाई करीला येणारा वास ओळखीचा वाटला, तो आपल्या गवती चहाचा होता! आपण तो चहात टाकतो, ते नारळाच्या दुधाच्या रश्श्यात टाकतात. मोमो वाफेवर शिजलेले होते, अगदी आपल्या फुणक्यांसारखे. फक्त फुणके डाळीचे आणि मोमो मैद्याच्या पारीचे. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. सुशी म्हणजे शिरका लावलेला भात. त्याच्याभोवती बऱ्याचदा समुद्रातल्या शेवाळाचा वाळवलेला कागदासारखा पापुद्रा गुंडाळतात.

जेवण वाढणारा दादा पंचविशीतला असेल. त्याने आपणहून सांगितलं, “सूप वन बाय टू घ्या, पुरतं. नूडल्सची एक प्लेट दोघांना होते.” माझ्या मनावरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं.

आणि मग ते झालं. माझ्या मुलाने त्याच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, “तुम्ही चिनी आहात का? चीनमध्ये कुठे राहता?”

तो दादा थांबला. मग हसून हिंदीत म्हणाला, “मी दार्जिलिंगचा आहे, बाबू. तुझ्याच देशातला. हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत तर लोक मला बघून रस्ता बदलायचे.”

मुलाचा चेहरा पडला. त्याने हळूच “सॉरी” म्हटलं. मी काहीच बोलले नाही. कारण, मुलांनो, दारातून आत आल्या आल्या माझ्याही मनात अगदी हाच विचार येऊन गेला होता. फरक एवढाच, की त्याने विचारलं आणि मी गप्प बसले.

तो दादा मात्र रागावला नाही. तो दोन चॉपस्टिक घेऊन आला. त्यांच्या वरच्या टोकांत कागदाची घडी ठेवून त्याने रबरबँड गुंडाळला. झाला चिमटा! “खालची काडी हलवायची नाही. वरची पेन्सिलीसारखी धरायची आणि तीच हलवायची.” पाचव्या खेपेला माझ्या मुलाच्या तोंडात नूडल्सचा पहिला घास गेला. आजूबाजूच्या टेबलांवर बघितलं तर बहुतेक लोक काट्याचमच्यानेच खात होते.

तर मंचुरियन कुठलं?

घरी आल्यावर मी शोधाशोध केली. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश आहे. पण तिथल्या स्वयंपाकघरात आपलं मंचुरियन शिजत नाही. ते जन्मलं मुंबईत!

ते बनवणाऱ्या आचाऱ्यांचं नाव नेल्सन वांग. त्यांचे आईवडील चिनी, पण त्यांचा जन्म कोलकात्याचा. नशीब काढायला ते मुंबईला आले आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात काम करू लागले. १९७५ साली एका गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी मागितलं. वांग यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरली. हा झाला आपला मसाला. पण पुढे गरम मसाला न घालता त्यांनी घातला सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर लावून रस्सा दाट केला. त्यात तळलेले चिकनचे तुकडे सोडले. झालं चिकन मंचुरियन! पुढे कुणी चिकनच्या जागी फ्लॉवर घातला, कुणी कोबी-गाजराचे गोळे. १९८३ साली वांग यांनी मुंबईत ‘चायना गार्डन’ हे स्वतःचं हॉटेल काढलं.

म्हणजे बघा, आचारी कोलकात्याचे, गाव मुंबई, सॉस चिनी आणि फोडणीची हिरवी मिरची आपली. आणि ही मिरची तरी मूळची आपली कुठे? ती काही शतकांपूर्वी अमेरिका खंडातून आली. चीनमध्येही ती तशीच बाहेरून गेली.

‘शेजवान’ची गंमतही अशीच. सिच्वान हा चीनचा एक प्रांत. तिथल्या जेवणात जीभ झिणझिणवणारी मिऱ्यासारखी फळं घालतात. तिची सख्खी चुलत बहीण आपल्याकडे कोकणात आहे, ती म्हणजे माशांच्या आमटीत पडणारं तिरफळ! पण आपल्या गाडीवरच्या शेजवान चटणीत ती फळं बहुधा नसतातच. तिथे असतात लाल मिरच्या आणि भरपूर लसूण. म्हणजे नाव सिच्वानचं आणि चव आपल्या ठेच्याच्या नात्यातली.

पाहुणे लोक आणि दुसरी देवळी

‘हक्का नूडल्स’ आपण सगळेच खातो. हक्का हे चीनमधल्या एका समाजाचं नाव आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘पाहुणे लोक’. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी माणसं कोलकात्याला येऊन राहू लागली. पुढे हक्का लोकांनी तिथल्या टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. कुणी सुतारकाम केलं, कुणी जोडे शिवले, कुणी खाणावळी चालवल्या. मुंबईत चिनी खलाशी गोदीच्या आसपास राहिले. माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळच्या एका गल्लीत त्यांचं १९१९ सालचं छोटं लाल देऊळ आजही आहे.

आता एक कठीण गोष्ट सांगते. आपल्या जिल्ह्यात देवळी हे तालुक्याचं गाव आहे. राजस्थानातही एक देवळी आहे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी भारत-चीन युद्ध सुरू झालं. महिनाभरात ते थांबलं. पण त्या काळात आसाम, मेघालय, दार्जिलिंग अशा भागांतल्या सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या लोकांना धरून रेल्वेने राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यांत म्हातारी माणसं होती आणि तुमच्याएवढी शाळकरी मुलंही होती. कितीतरी जणांचा जन्म भारतातला होता. त्यांच्यावर कसला खटला चालला नाही. काहींना तर त्या छावणीत चार-पाच वर्षं काढावी लागली. सुटून घरी आले तेव्हा अनेकांची घरं-दुकानं दुसऱ्यांच्या ताब्यात गेली होती. पुष्कळ कुटुंबं मग कॅनडासारख्या दूरच्या देशांत निघून गेली.

त्यांचा गुन्हा काय होता? फक्त चेहरा आणि आडनाव.

हे वाचल्यावर मला हॉटेलातला तो दार्जिलिंगचा दादा आठवला. आपण सहज म्हणून विचारलेला प्रश्न त्याला का टोचत असेल, ते मला तेव्हा कळलं. आपल्याकडे थंडीत स्वेटर विकायला तिबेटी मावश्या येतात, त्यांनाही आपण खुशाल ‘चिनी’ म्हणून मोकळे होतो. त्यांपैकी कितीतरी जणींचा जन्म भारतातलाच असतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तर तिबेटी लोकांची मोठी वसाहतच आहे.

बाटलीतलं आपलं पीक

सुट्टी संपून शाळा उघडली. वर्गात मी सोया सॉसची बाटली आणि मूठभर सोयाबीन घेऊन गेले. “हे काय?” म्हटल्यावर वर्ग हसला. कारण जवळपास प्रत्येकाच्या घरी नुकतंच सोयाबीन काढून झालं होतं.

“सोयाबीनचं गाव?” मी विचारलं.

“वर्धा!”

“मूळ गाव?”

वर्ग चिडीचूप. मी म्हटलं, “चीन!” हजारो वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी हे पीक लावायला सुरुवात केली. शिजवलेलं सोयाबीन आणि भाजलेला गहू एकत्र करून त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवतात. मग ते मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात आणि गाळून घेतात. तोच सोया सॉस. लोणचं मुरतं ना, तसाच धीराचा मामला.

वर्ध्याची आणि सोयाबीनची ओळख मात्र जुनी आहे. १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. तिथल्या स्वयंपाकघरात त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल लिहिलंही. शेतातून सोयाबीन सगळीकडे दिसू लागलं ते मात्र पुष्कळ वर्षांनी. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी शेतात काय पेरत होते ते.

शेवटी मी मंचुरियनची सगळी गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने बोटं मोडत हिशेब केला. “म्हंजे मॅडम, मुंबई एक, कोलकाता दोन, चीन तीन. अन् सोयाबीन आपलं बी असू शकते, मंग वर्धा चार. एका मंचुरियनला चार गावं!”

मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

आईबाबांसाठी चार ओळी

अजिनोमोटोची आपल्याला फार धास्ती असते. १९०८ साली जपानचे शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सूपातून ही चव शोधली. नेहमीच्या प्रमाणात ती बहुतेकांना अपाय करत नाही, असं आज शास्त्रज्ञ मानतात. त्यापेक्षा गाडीवर तीन गोष्टी बघा. तेल काळं पडलंय का? मंचुरियन नको इतकं लालभडक दिसतंय का? कृत्रिम रंगांमुळेच कर्नाटक सरकारने २०२४ साली गोबी मंचुरियनमध्ये असे रंग घालायला बंदी केली. आणि शिजवलेला भात किती वेळ उघडा पडलाय? अशा भातात वाढलेल्या जंतूंचं विष पुन्हा परतल्यानेही जात नाही.

घरी फ्राइड राइस करायचा असेल तर भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. गार भाताचे दाणे घट्ट होतात आणि परतताना चिकटत नाहीत. कोबी, गाजर, पातीचा कांदा मोठ्या आचेवर भराभर परता. सोया सॉस आधीच खारट असतो, म्हणून मीठ चव बघूनच घाला. गॅसजवळचं काम मोठ्यांचं, चिरलेला कोबी पळवण्याचं काम मुलांचं!

आणि मुलांनो, पुढच्या वेळी चायनीजच्या गाडीवर गेलात की प्लेट सांगण्याआधी दादाला विचारा, “दादा, गाव कोणतं?” चेहरा बघून आपणच ठरवून टाकू नका. मग त्याने सांगितलेलं गाव घरी येऊन नकाशात शोधा. आमच्या वर्गाने आतापर्यंत सहा गावं शोधली आहेत. तुमची किती होतात ते वहीत लिहून ठेवा.