मावा: वनस्पती, तापमान आणि पिढ्यांचे गणित

वालाच्या शेंड्यावर आज चार-दोन काळे ठिपके दिसतात आणि पंधरवड्यात अख्खा शेंडा काळा होतो. ‘एका रात्रीत मावा पडला’ असे आपण म्हणतो. जुन्नर तालुक्यातील खोडद-नारायणगाव या बागायती पट्ट्यातील मुलांना हे चांगले परिचित आहे. ही वाढ इतकी झपाट्याने कशी होते?

आपल्याकडील उबदार हवेत माव्याच्या वसाहतीत बहुधा माद्याच असतात. नराशिवाय त्या थेट जिवंत पिल्ले देतात. पिल्लू जन्मते तेव्हाच त्याच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आकार घेऊ लागलेले असतात.

आता फळ्यावर एक सोपे गणित मांडू. समजा, पिल्लू 7 दिवसांत मोठे होऊन एकदमच 20 पिल्ले देते. 28 दिवसांत चार पिढ्या होतील आणि चौथ्या पिढीत 1,60,000 कीटक असतील. मोठे व्हायला 14 दिवस लागले, तर पिल्ले दुप्पट म्हणजे 40 धरूनही दुसऱ्या पिढीत फक्त 1,600 होतात. शेतात शत्रूकीटक, ऊन आणि गर्दी यांमुळे एवढी वाढ होत नाही. पण पिल्लांच्या संख्येपेक्षा मोठे होण्याचा वेग किती महत्त्वाचा, हे यावरून कळते.

हा वेग तापमान ठरवते. कीटकांचे शरीर सभोवतालच्या हवेप्रमाणे तापते. थंडीत माव्याची वाढ रेंगाळते. साधारण 20 ते 25 अंश सेल्सिअसला ती जोमाने होते. पारा 35 अंशांकडे गेला की अनेक जातींत पिल्ले घटतात व आयुष्यही कमी होते.

दुसरा घटक वनस्पतीचा. मावा सोंडेने अन्नरस शोषतो. त्यात साखर भरपूर, पण वाढीला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये थोडी असतात. ती मिळवण्यासाठी तो खूप रस पितो आणि जादा साखर बाहेर टाकतो. पानांवरचा चिकटपणा तो हाच. कोवळ्या शेंड्यात नत्र अधिक असते, म्हणून मावा तेथे जमतो. युरियाचा अतिरेक झाला तर त्याचे आयतेच फावते. प्रत्येक जातीची वनस्पतीची निवडही ठरलेली असते. बांधावरच्या रुईवरील पिवळा मावा रुई-कण्हेरीच्या कुळावर जगतो. तो वालावर वस्ती करत नाही.

शाळेत हा प्रयोग करता येईल. वाल आणि चवळीच्या एकाच वयाच्या रोपांच्या शेंड्यांवर काळ्या माव्याची एकेक मादी सोडावी आणि वर मलमलची पिशवी बांधावी. रोज पिल्ले मोजावीत, किमान-कमाल तापमान लिहावे. हाच प्रयोग डिसेंबरात आणि पुन्हा मार्चमध्ये करावा. एका वेळी एकच घटक बदलावा, हे मुलांना आवर्जून सांगावे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनासाठी डिसेंबरातील नोंदी मांडता येतील.

ज्याने ही मोजणी केली, तो विद्यार्थी घरी सांगू शकेल की, शेंडे दर तीन-चार दिवसांनी पाहावेत. मोजके ठिपके असतानाच शेंडा खुडला तर फवारणी अनेकदा टळते आणि मावा खाणारे ढालकिडेही वाचतात.