पत्रा आतून कुजतो

हॉस्टेलच्या लोखंडी कॉटचे पाय एकदा वाकून बघा. वर रंग शाबूत, आणि फरशीला टेकतात तिथे पोपडे. बाथरूमच्या पत्र्याच्या दाराचंही तेच, खालच्या वीतभरात नुसती जाळी. गंज कुठेही लागत नाही, पाणी जिथे मुक्काम करतं तिथेच तो घर करतो. जुन्या गाडीच्या केबिनलाही हाच नियम लागू आहे.

मी सांगतोय ते मामाच्या एफसी-१५० पिकअपवरून. अमेरिकेत विलिसने १९५६ साली ही जीप आणली, पुढे आपल्याकडे महिंद्राने बनवली. नाक कापलेला बसका चेहरा, इंजिन दोन सीटच्या मध्ये, व्हीलबेस फक्त ८१ इंच. ड्रायव्हर जवळपास पुढच्या चाकावरच बसतो, त्यामुळे चाकाने उडवलेला चिखल थेट केबिनच्या पोटात. मामाची गाडी सांगलीच्या बाजारात हळद वाहून म्हातारी झालेली. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. इंजिन ठणठणीत, प्रश्न फक्त केबिनचा होता. पण जिथे केबिन चासीला बोल्टने बसते तीच जागा कुजली असेल तर हा नुसता शोभेचा प्रश्न राहत नाही. ब्रेक दाबल्यावर केबिन जागची हलता कामा नये.

केबिनचे खालचे कोपरे म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड केलेले. मधल्या फटीत ओली माती बसते. सेकंड इयरला आपण 'डिफरन्शियल एरेशन' पाठ करतो ना, ते इथे डोळ्यांनी दिसतं. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, आत कमी. कमी ऑक्सिजनची जागा ॲनोड होते आणि तिथलं लोखंड विरघळत जातं. वर गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, कधी सहापटीपर्यंत. तो दोन्ही पत्र्यांना पाचर मारल्यासारखा फाकवतो. म्हणून बाहेर रंगाला सुपारीएवढा फुगा दिसला की आत तळहाताएवढं काम निघणार हे धरून चाला.

तपासायला दोनच वस्तू पुरतात, चुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर. चुंबक चिकटला नाही तर खाली पत्रा नसून पुट्टी आहे. पूर्वी कुणीतरी भोकावर जाळी लावून वर बोटभर पुट्टी थापली होती. ही पुट्टी ओल शोषते, म्हणजे जखमेवर ओलं फडकं बांधल्यासारखंच.

कापायच्या आधी टाकी आणि बॅटरी उतरवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. मग दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा अँगल टॅक करून घ्या. खालची पट्टी कापली की चौकट बसते, आणि नवा पत्रा जोडून झाल्यावर कळतं की दार लागतच नाही. दोन्ही कर्ण टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवावेत. एका वेळी एकच बाजू कापायची.

कापताना हात आखडता घेऊ नये. चकचकीत, जाड पत्रा लागेपर्यंत कापायचं. नवा पत्रा सीआर घ्या, २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, फ्लोअरला १८ गेज, १.२ मिमी. गॅल्व्हनाइज्ड नको, वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो आणि रात्री ताप भरतो. तुकडा जुन्यावर चढवून जोडणं सोपं, पण मग पुन्हा तीच फट तयार! आपण रोगच परत बसवतो. म्हणून दिसणाऱ्या जागी कडेला कड भिडवून, बट जॉइंट.

आता खरा घाम. पोलाद १०० अंशांनी तापलं तर मीटरमागे १.२ मिमी वाढतं. वेल्डजवळचा पत्रा शेकडो अंशांनी तापतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मग तो जागच्या जागी दाबला जाऊन जाड होतो, आणि थंड झाल्यावर मूळच्यापेक्षा आखूड भरतो. परिणाम, सपाट पत्र्याची लाट. डेंटिंगवाले चाचा हेच एका वाक्यात सांगायचे, "पत्र्याला राग येऊ द्यायचा नाही." सीओटू वेल्डिंग, ०.८ मिमी वायर, एक टिपका या टोकाला, पुढचा त्या टोकाला. हात लावून गार लागला तरच शेजारी दुसरा. पहिल्या फेरीत टिपक्यांत इंचभर अंतर, मग मधले भरत जायचं. दीड फुटाच्या जोडाला आमची अख्खी सकाळ गेली, त्यात वेल्डिंग जेमतेम काही मिनिटं. बाकी वेळ चहा आणि क्रिकेट. फुंकर किंवा ओलं फडकं मारून घाई करू नये.

आखडलेला जोड मागे डॉली धरून हातोड्याने हलका ठोकला की पुन्हा पसरतो. आवाज बदलतो, डॉलीवर बरोबर बसला तर 'टण', चुकला तर 'थप'. हे कुठल्याही जर्नलमध्ये लिहिता येत नाही. ग्राइंडरही दमादमाने, तोही पत्रा तापवतो.

वर ईपॉक्सी प्रायमर, मग पातळ पुट्टी, मग रंग. नुसता रेड ऑक्साइड लावून गाडी पावसात उभी करू नका, त्यातून ओल झिरपते. आतल्या पोकळीत प्रायमर पोचत नाही. तिथे कॅव्हिटी वॅक्स फवारावं. शेवटी कोपऱ्यातली पाणी निघायची भोकं बघा. आमच्या पेंटरने दोन रंगाने बुजवली होती, ती सायकलच्या स्पोकने मोकळी केली.