गर्भिणीतील श्वेतपेशींची वाढ : स्वाभाविक आणि प्री-एक्लॅम्पसियातील

गर्भिणीच्या रक्तपरीक्षणात एकूण श्वेतपेशींची संख्या १३,००० किंवा १४,००० आढळली की प्रथम शंका येते ती जंतुसंसर्गाची. अहवालावर छापलेली ४,००० ते ११,००० (प्रतिघन मि.मी.) ही मर्यादा गर्भवती नसलेल्या प्रौढ व्यक्तीची असते आणि यंत्र तिच्याबाहेरील प्रत्येक आकड्यापुढे खूण करून मोकळे होते. त्या खुणेवर विसंबून मूत्रमार्गाच्या संसर्गाची चिकित्सा सुरू व्हावी आणि त्याच स्त्रीचा रक्तदाब मात्र मोजला जाऊ नये, हे घडू शकते. म्हणून निरोगी गर्भिणी व प्री-एक्लॅम्पसियाने पीडित गर्भिणी यांच्या श्वेतपेशींत नेमका भेद कोणता, याचा विचार येथे करीत आहोत.

निरोगी गर्भावस्थेत श्वेतपेशी पहिल्या तिमाहीपासूनच वाढू लागतात. शेवटच्या तिमाहीत १५,००० ते १६,००० पर्यंतची संख्या स्वाभाविक मानावी लागते. प्रसववेदनांच्या काळात ती २५,००० पर्यंतही जाते आणि प्रसूतीनंतर काही दिवसांत उतरू लागते. ही वाढ मुख्यतः न्यूट्रोफिल पेशींची असते. कॉर्टिसोलचे वाढलेले प्रमाण आणि न्यूट्रोफिलचे लांबलेले आयुष्य ही त्याची कारणे होत. लिम्फोसाइटचे प्रमाण त्या मानाने घटते. रक्ताच्या काचपट्टीवर काही अपक्व पेशी, तसेच न्यूट्रोफिलमध्ये ‘टॉक्सिक’ म्हणविले जाणारे कण निरोगी गर्भिणीतही दिसू शकतात. तेव्हा या एकट्या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

प्री-एक्लॅम्पसियात, म्हणजे २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक होऊन मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात अथवा यकृत, वृक्क, मस्तिष्क, रक्तबिंबिका यांवर परिणाम दिसतो तेव्हा, हीच वाढ सरासरीने आणखी पुढे जाते. परंतु खरा भेद संख्येपेक्षा पेशींच्या वर्तनात आहे. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, निरोगी गर्भिणीच्याही श्वेतपेशी काही अंशी उत्तेजित अवस्थेत असतात आणि प्री-एक्लॅम्पसियात ही उत्तेजना अधिक तीव्र होते. तिचे स्वरूप रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णासारखे असते, मात्र येथे जंतू नसतात. गर्भाशयातील सर्पिल धमन्या पुरेशा रुंद न झाल्याने अपरेला रक्तपुरवठा अनियमित होतो. अपरेच्या आवरणाचे सूक्ष्म तुकडे मातेच्या रक्तात अधिक प्रमाणात सुटतात. त्यांच्या संपर्काने न्यूट्रोफिल पेशी इलॅस्टेज हे विकर व ऑक्सिजनचे दाहक घटक सोडतात, प्रसंगी आपल्याच केंद्रकद्रव्याची जाळी बाहेर फेकतात. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराला यातून इजा होते आणि शोथ, मूत्रातील प्रथिने व वाढलेला रक्तदाब यांचा संबंध शेवटी या स्तराशीच पोहोचतो.

मग श्वेतपेशींवरून निदान का करू नये? कारण दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. १२,००० पेशी असलेली एक स्त्री पूर्ण निरोगी, तर तितक्याच पेशी असलेली दुसरी गंभीर अवस्थेत असू शकते. न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांच्या गुणोत्तराचा अलीकडे बराच बोलबाला आहे. प्री-एक्लॅम्पसियात ते वाढलेले अनेक अभ्यासांत आढळले, काहींत आढळले नाही. एकट्या स्त्रीच्या निदानास ते पुरेसे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात गर्भाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन दिले गेले असेल, तर दुसऱ्याच दिवशी श्वेतपेशी वाढलेल्या व लिम्फोसाइट घटलेल्या दिसतात. ज्वर, गर्भाशयाची स्पर्शासहत्व, दुर्गंधी स्राव यांपैकी काही असेल, तर मात्र संसर्गाचा शोध घेतलाच पाहिजे.

विदर्भात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही, ती सिकलसेल. या व्याधीत श्वेतपेशी मुळातच अधिक असतात. शिवाय रक्तातील केंद्रकयुक्त लाल पेशी यंत्राकडून श्वेतपेशी म्हणून मोजल्या जाऊ शकतात. अशा स्त्रीला प्री-एक्लॅम्पसियाचा धोकाही अधिक असतो. तिच्या बाबतीत काचपट्टी प्रत्यक्ष पाहून घ्यावी.

श्वेतपेशी म्हणजे ओज, किंवा त्यांची वाढ म्हणजे रक्तदुष्टी, अशी समीकरणे मांडण्याचा मोह आपल्यातील काहींना होतो. त्यातून ना ओज कळते ना श्वेतपेशी. चरकाचार्यांनी गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राची उपमा दिली आहे. ती येथे अधिक उपयोगी वाटते. पायांवरील शोथ पाहून मूत्रल किंवा रेचक द्रव्यांचा मारा करणे हा त्या पात्राला दिलेला धक्काच होय. शोथ उतरला तरी अंतःस्तराची इजा थांबत नाही, आणि शोथमुक्त स्त्रीलाही आक्षेपक येऊ शकतात.

त्याच अहवालावर श्वेतपेशींच्या खाली रक्तबिंबिकांचा आकडा असतो. तो एक लाखाच्या खाली गेला असेल, तर तो श्वेतपेशींच्या कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली वेदना यांसह रक्तदाब १६०/११० वर असेल, तर स्त्रीला तत्काळ सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. अशा रक्तदाबाच्या चिकित्सेविषयी एक मोठा अभ्यास आपल्याच नागपुरातील दोन शासकीय रुग्णालयांत २०१५ ते २०१७ या काळात झाला व २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ८९४ स्त्रियांना नाइफेडिपिन, लेबेटॅलॉल किंवा मिथाइलडोपा यांपैकी एक औषध तोंडाने देण्यात आले. सहा तासांत दुष्परिणामाविना रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण अनुक्रमे ८४, ७७ व ७६ टक्के होते. वेळेत पोहोचलेल्या स्त्रीचा रक्तदाब साध्या गोळ्यांनी काही तासांत आटोक्यात आणता येतो, हे यावरून दिसते.

पाठविताना सोबतच्या चिठ्ठीत रक्तदाब व तो मोजल्याची वेळ, मूत्रातील प्रथिने, रक्तबिंबिका, चालू असलेली आपली औषधे आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले असल्यास त्याची वेळ लिहावी. या शेवटच्या नोंदीवाचून पुढील श्वेतपेशींचा अर्थ तेथील चिकित्सकाला लावता येणार नाही.