वसतिगृहाची दुरुस्ती रंगापासून नको

वसतिगृहाच्या दुरुस्तीसाठी देणगी आली की पहिली मागणी रंगाची असते, कारण रंग फोटोत दिसतो. जव्हार-मोखाड्यात मात्र खर्चाची सुरुवात छपरापासून करावी.

इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. खोडाळा, सूर्यमाळकडची मुलगी बारावीनंतर जव्हारच्या महाविद्यालयात आली, तर रोज घरून ये-जा करणे जमत नाही. राहण्याची सोय टिकली तरच तिचे शिक्षण टिकते. श्रावणात कपडे वाळत नाहीत, ओल्या कपड्यांनी गजकर्ण होते. मग ती ‘आठ दिवस घरी जाऊन येते’ म्हणते आणि थेट परीक्षेला दिसते. कधी तेव्हाही नाही.

ओल्या भिंतीवर ऑइलपेंट लावला की ओल आत कोंडते आणि पोपडे निघतात. म्हणून आधी गळती काढावी, मग पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणारा चर खणावा, भिंत त्यानंतर. पत्र्याखाली आतून छत हवेच. मुसळधार पावसात नुसत्या पत्र्याखाली शेजारणीचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे अभ्यास कसला! पश्चिमेला रुंद पडवी काढली तर पावसाचा मारा भिंतीपर्यंत पोचत नाही आणि कपड्यांच्या दोऱ्यांना जागा मिळते. शौचालयही त्याच छपराखाली हवे. रात्री पावसात अंगण ओलांडायला नको म्हणून मुली संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. नकाशा काढणाऱ्याला हे सांगावे लागते.

आता उन्हाळा. एवढ्या पावसानंतरही मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. २०० चौरस मीटर छपरावर वर्षाला सहा लाख लिटर पाणी पडते. त्यातले एक लाख लिटर साठवले, तर ६० मुलींना रोजी ३० लिटरप्रमाणे ५५ दिवस पुरते, म्हणजे जवळजवळ एप्रिल-मे निभावतो. त्यासाठी सात मीटर लांब, पाच रुंद, तीन खोल टाकी लागते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पिण्याचे गाळून निर्जंतुक करावे.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे; पैसे थेट खात्यात येतात. आधार मोठा, पण खोली शोधायची तिलाच, आणि गावात भाड्याने मिळणाऱ्या खोलीला पडवी क्वचितच असते.

या कामांसाठी देणगी द्यायची असेल तर दिवाळीपर्यंत कळवावे. टाकीचे खोदकाम आणि बांधकाम मेअखेर उरकले नाही, तर जूनमध्ये खड्डाच भरतो.