न परतलेली आई

घरात मृत्यू आला म्हणजे शेजारीपाजारी जमतात, सांत्वन करतात आणि दिवसकार्य आटोपल्यावर घर हळूहळू सावरते. पण माणूस बेपत्ता होतो तेव्हा त्या घराला धड रडताही येत नाही. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या जीन मॅककॉनव्हिल यांची हकिगत वाचताना हे मनाला फार लागले.

जीन जन्माने प्रॉटेस्टंट, पती कॅथलिक. १९६९ मध्ये या दोन समाजांतील वैर रस्त्यावर आले आणि या कुटुंबाला प्रॉटेस्टंट वस्ती सोडावी लागली. पुढे ते कॅथलिकांच्या डिव्हिस फ्लॅट्समध्ये राहू लागले. जानेवारी १९७२ मध्ये पती कर्करोगाने वारले. पदरात दहा मुले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेची माणसे घरात शिरली आणि मुलांच्या देखत आईला घेऊन गेली. काहींचे चेहरे उघडे होते. मुलांनी शेजारी ओळखले. पण भीतीने सारी वस्ती मुकी झाली.

काही दिवसांनी एका तरुणाने आईची पर्स आणून दिली. आत ५२ पेन्स आणि तीन अंगठ्या. पंधरा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळत राहिली. शेवटी सरकारने मुलांना निरनिराळ्या आश्रमांत पाठविले. आई एका इंग्रज सैनिकाबरोबर पळून गेली, अशीही कंडी पिकली. ती लष्कराची खबरी होती, असे संघटना म्हणत असे. २००६ मध्ये पोलीस लोकपालांनी चौकशी केली, तेव्हा तसा कोणताही पुरावा आढळला नाही. पोलिसांनी वीस वर्षांहून अधिक काळ नीट तपासच केला नव्हता, हेही त्याच चौकशीत उघड झाले.

१९९९ मध्ये संघटनेने खुनाची कबुली दिली. त्याच वर्षी ब्रिटन व आयर्लंड सरकारांनी अशा मृतदेहांच्या शोधासाठी आयोग नेमला. आयोगाला मिळालेली माहिती फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरायची नाही, अशी अट होती. म्हणजे गुन्हेगाराने जागा दाखवावी आणि त्या माहितीवरून त्याला शिक्षा होऊ नये! प्रथमदर्शनी हा सौदा अन्यायाचा वाटतो. परंतु ज्या मुलांना आईची माती मिळालेली नाही, त्यांच्या बाजूने पाहिले म्हणजे त्याचा अर्थ कळतो.

तरीही १९९९ मध्ये लाउथ परगण्यातील किनारा खणूनही देह मिळाला नाही. ऑगस्ट २००३ मध्ये जवळच्याच शेलिंग हिलच्या किनाऱ्यावर फिरायला आलेल्या माणसांना तो दिसला. बाळाच्या लंगोटासाठी आई कपड्याला नेहमी निळी सेफ्टी पिन लावून ठेवी. तीच पिन मुलांच्या ओळखीची ठरली. एकतीस वर्षांनी दफन झाले. खुनाबद्दल मात्र कोणालाही शिक्षा झालेली नाही.

आईला नेणारे हात थोड्यांचे होते. तिला एकतीस वर्षे बेपत्ता ठेवणारे मौन मात्र पुष्कळांचे होते. त्या मौनाचा हिशेब कोणत्या न्यायालयात मागायचा?