ढवळू नका, तसंच प्या

उत्तर इटलीतल्या तूरिन शहरात, कोन्सोलाता चर्चच्या अगदी समोर, एक चिमुकलं कॅफे आहे. जुझेप्पे देंतीस याने ते १७६३ मध्ये सुरू केलं. इथलं खास पेय म्हणजे बिचेरिन: तळाला दाट गरम चॉकलेट, त्यावर कडक कॉफी आणि सगळ्यात वर गार साय. चर्चमधून उपाशीपोटी बाहेर पडणाऱ्या भाविकांची इथे गर्दी व्हायची, कारण लेंटच्या उपवासातही चॉकलेट पेय म्हणून चालून जायचं. उपासाच्या पळवाटा काही आपल्याकडेच आहेत असं नाही!

बिचेरिनमध्ये दारू नसते. पण थंडीच्या रात्री चार मित्र जमले की घरच्या घरी त्यात थोडी रम घालून झकास कॉकटेल होतं. अट एकच, थर मोडता कामा नयेत.

दोन छोट्या ग्लासांसाठी १५० मिली दूध तापवावं, त्यात ६० ग्रॅम डार्क चॉकलेट किसून घालावं आणि चमचाभर साखर. मंद आचेवर पाच-सात मिनिटं सतत ढवळत राहावं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली, की झालं. तयार ड्रिंकिंग चॉकलेटची पावडर इथे उपयोगाची नाही. ती पातळ राहते आणि कॉफी सरळ तिच्यात मिसळून जाते.

आता रम. गॅस बंद केल्यावर ग्लासामागे २० मिली डार्क रम चॉकलेटमध्येच मिसळावी. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे आचेवर घातलेल्या रमचा बराचसा भाग वाफेबरोबर जातो. बरेच जण ती कॉफीत घालतात आणि तिथेच फसतात. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून कॉफीही हलकी होते आणि वरची साय तिच्यात बुडते. आयरिश कॉफीत साखर लागते ती याच कारणासाठी.

कॉफी मोका पॉटमधली असेल तर उत्तमच. अल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातून १९३३ मध्ये बाहेर पडलेलं हे भांडंही तूरिनच्याच पीडमाँट प्रांतातलं. ते नसेल तर दाक्षिणात्य फिल्टरचं पहिलं, दाट डिकॉक्शन घ्यावं, मात्र चिकोरी नसलेलं. ग्लासामागे ३० मिली पुरे. चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून ती हळूहळू सोडावी. घाई केली की तपकिरी गढूळ पाणी हाती येतं.

सायीचं गणित थोडं अवघड आहे. आपल्याकडच्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ते घट्ट फेटलं जात नाही. हरकत नाही, इथे तेवढं घट्ट नकोच आहे. क्रीम आणि भांडं दोन्ही फ्रीजमध्ये गार करून, जेमतेम दाट होईपर्यंत फेटावं आणि तसंच चमच्यावरून सोडावं. साखर अजिबात घालू नये. ग्लास आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा, नाहीतर तडकण्याची भीती.

पिताना ढवळायचं नाही. ओठाला आधी गार साय, मग कडू कॉफी आणि शेवटी रमचा गंध असलेलं चॉकलेट लागलं पाहिजे. सगळी गंमत त्यातच आहे.

गाडी चालवत घरी जाणारा कुणी असेल तर त्याच्या चॉकलेटमध्ये रमऐवजी चमचाभर हेझलनटची पेस्ट घाला. चॉकलेट आणि हेझलनट ही तूरिनची जुनी जोडी आहे.